घटस्फोटानंतर वचनाचे काय होते?



आपल्या पुण्यातील धर्मग्रामांत काही माणसे अशी आहेत, जी दर रविवारी वेळेवर मिस्सेला येतात, गायनात भाग घेतात, दान टाकतात. पण कम्युनियनची रांग सुरू झाली की मागच्या बाकावर मान खाली घालून बसून राहतात. कारण विचारले तर हळू आवाजात उत्तर येते, “फादर, माझा घटस्फोट झाला आहे ना!” त्यांनी दुसरे लग्न केलेले नसते. पुष्कळदा घटस्फोट त्यांनी मागितलेलाही नसतो. पण कोणीतरी कधीतरी सांगितलेले असते की घटस्फोटितांना कम्युनियन नाही, आणि त्या एका वाक्यावर ही माणसे वर्षानुवर्षे उपाशी राहतात.

दुसरीकडे असेही भेटतात, जे म्हणतात, “कोर्टाचा कागद हातात आला, सुटलो. आता तिचे आणि माझे काही देणेघेणे नाही.”

वरवर पाहता ही दोन माणसे अगदी वेगळी आहेत. परंतु दोघांचा गैरसमज एकच आहे. न्यायालयाच्या कागदात जितके बळ नाही, तितके ते त्याला देतात. एकाला वाटते, त्या कागदाने मला प्रभूच्या मेजावरून उठवले. दुसऱ्याला वाटते, त्याच कागदाने मला सर्व कर्तव्यांतून मोकळे केले. म्हणून आज आपण एक प्रश्न शांतपणे विचारू या. वेदीसमोर दिलेले वचन पाळणे अशक्य झाले, तर त्या वचनाचे काय होते?

प्रथम कायद्याकडे पाहू. आपणा ख्रिस्ती लोकांसाठी घटस्फोटाचा कायदा १८६९ साली इंग्रजांच्या राजवटीत झाला. त्यानुसार पतीला पत्नीचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे होते. पत्नीला मात्र पतीच्या व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा दोन वर्षांचा परित्याग असे आणखी काही सिद्ध करावे लागे. नवरा रोज मारतो, एवढ्यावर फार तर वेगळे राहण्याचा हुकूम मिळे, घटस्फोट मिळत नसे. शिवाय जिल्हा न्यायालयाने दिलेला घटस्फोट उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय पक्का होत नसे. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने हा भेदभाव घटनाबाह्य ठरवला आणि केवळ क्रूरता किंवा केवळ परित्याग या कारणावरही ख्रिस्ती पत्नीला दाद मागता येईल असा निर्णय दिला. पुढे २००१ साली संसदेने कायदाच बदलला. पती-पत्नींना समान कारणे मिळाली, परस्परसंमतीने घटस्फोटाची सोय झाली, आणि पोटगी पतीच्या उत्पन्नाच्या एक-पंचमांशापेक्षा जास्त नसावी ही जुनी मर्यादाही गेली.

म्हणजे एकशे बत्तीस वर्षे आपल्या आयाबहिणींसाठी हे दार जवळजवळ बंद होते. ते उघडले याचे आपल्याला दुःख वाटावे का? मुळीच नाही. अन्याय दूर झाला, तर ख्रिस्ती माणसाने देवाचे आभारच मानावेत. परंतु दार उघडे असणे ही एक गोष्ट आहे आणि त्यातून कसे बाहेर पडावे ही दुसरी. पहिली गोष्ट कायदा ठरवतो. दुसरी आपली सद्सद्विवेकबुद्धी ठरवते.

आता ख्रिस्तसभेची शिकवण. ख्रिस्ती विवाह हा संस्कार आहे. तो मरेपर्यंतचा आहे, आणि देवाने जोडलेले माणसाने तोडू नये ही प्रभूची शिकवण आपण कोणाच्याही सोयीसाठी पातळ करू शकत नाही. पण याच ख्रिस्तसभेच्या कायद्यात असेही आहे की जोडीदाराकडून देहाला, आत्म्याला किंवा मुलांना गंभीर धोका असेल, तर वेगळे राहणे रास्त आहे. कॅथोलिक धर्मशिकवणुकीच्या ग्रंथातही स्पष्ट म्हटले आहे की आपले कायदेशीर हक्क, मुलांचा सांभाळ किंवा वारसाहक्क यांच्या रक्षणासाठी दिवाणी घटस्फोटावाचून दुसरा मार्ग उरला नसेल, तर तो घेणे हे पाप नाही. ज्याने विवाह टिकवण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला आणि ज्याच्यावर घटस्फोट लादला गेला, तो तर दोषी नाहीच. अशी व्यक्ती दुसरा विवाह न करता राहत असेल, तर तिने इतर कोणाही भाविकाप्रमाणे कम्युनियनला यावे. मागच्या बाकावर बसलेल्या आमच्या बंधुभगिनींनो, हे आम्ही तुमच्यासाठी मुद्दाम लिहीत आहोत.

कारण नसताना जोडीदाराला टाकणाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. त्याने पापनिवेदन करावे आणि केलेला अन्याय भरून काढावा. आणि ज्यांनी घटस्फोटानंतर दुसरा संसार थाटला आहे, त्यांनीही चर्चकडे पाठ फिरवू नये. ते ख्रिस्तसभेबाहेर गेलेले नाहीत. त्यांनी मिस्सेला यावे, मुलांना धर्मशिक्षणाला पाठवावे आणि आपल्या धर्मगुरूंशी मोकळेपणाने बोलून पुढची वाट शोधावी.

येथे एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे. मार खाणाऱ्या बाईला “हा तुझा क्रूस आहे, सहन कर” असे सांगण्याची सवय आपल्याकडे आहे. प्रभूने क्रूस स्वेच्छेने उचलला, तो इतरांना जीवन मिळावे म्हणून. नवऱ्याची दारू आणि मारहाण चालू राहावी म्हणून सोसलेले दुःख कोणाला जीवन देते? ना तिला, ना मुलांना, ना त्या नवऱ्याला. उलट, त्याला पाप करण्याची सवलत मिळते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने तिला राहत्या घरात राहण्याचा आणि संरक्षण मागण्याचा हक्क दिला आहे. तो हक्क वापरणे म्हणजे विश्वास कमी पडणे नव्हे.

मग वचनाचे काय? संत थॉमस अक्वायनस न्यायाची व्याख्या करताना सांगतात की ज्याचे जे देणे आहे, ते त्याला देण्याची स्थिर इच्छा म्हणजे न्याय. विवाहाच्या वचनात एकच देणे नसते. एकत्र राहणे, प्रेम करणे, खरे बोलणे, सांभाळ करणे, मुलांना वाढवणे अशी अनेक देणी त्यात एकत्र बांधलेली असतात. एकत्र राहणे अशक्य झाले म्हणून बाकीची सगळी देणी माफ होत नाहीत. पुरात घराची भिंत पडली, तर आत राहता येत नाही. पण घेतलेले कर्ज उरतेच. आमच्या मते या प्रश्नाचे उत्तर हेच आहे. सहजीवन संपते, पण सत्याचे, न्यायाचे आणि दयेचे ऋण उरते.

पहिले ऋण सत्याचे. खटला उभा राहिला की दोन्हीकडचे नातेवाईक सल्ले देऊ लागतात. “हे पण लिही, ते पण लिही, केस मजबूत होईल.” न घडलेली मारहाण घडली म्हणून लिहिली जाते, घडलेली नाकारली जाते. शपथेवर खोटे बोलणे हे आठव्या आज्ञेविरुद्ध पाप आहे, मग वकिलाने सुचवले असले तरी. शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक असतात आणि समेटाचा प्रयत्न करणे हे त्या न्यायालयाचे कर्तव्यच आहे. तेथे केवळ हजेरी लावण्यासाठी जाऊ नका, मन मोकळे करून बोला. समेट नाही झाला, तरी निदान वैर कमी होईल. वकिलाची फी परवडत नाही म्हणून गप्प बसू नका. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा.

दुसरे ऋण पैशाचे. नोकरी सोडल्याचे दाखवणे, पगार कमी सांगणे, फ्लॅट भावाच्या नावावर करणे, हे प्रकार आपल्यातही होतात. नोव्हेंबर २०२० मध्ये नागपूरहून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिले की पोटगीच्या दाव्यात दोघांनीही आपले उत्पन्न, मालमत्ता आणि देणी प्रतिज्ञापत्रावर उघड करावीत, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरावी. पोटगी म्हणजे हरल्याचा दंड नव्हे. जिने दहा-पंधरा वर्षे घर सांभाळले, नोकरी सोडली, सासूसासऱ्यांचे आजारपण काढले, तिच्या त्या श्रमांचे ते देणे आहे. तसेच, केवळ सूड म्हणून ऐपतीबाहेरची रक्कम मागणे हाही अन्यायच. व्यवहाराची एक गोष्ट ध्यानात ठेवा. गृहकर्ज दोघांच्या नावावर असेल, तर घटस्फोटाच्या हुकुमाने बँक बांधली जात नाही. ज्यांच्या सह्या आहेत ते दोघेही देणेकरी राहतात. म्हणून कर्ज, विमा, भविष्य निर्वाह निधी, त्यांवरील नामनिर्देशन, यांचा निकाल समझोत्याच्या कागदातच लावून घ्यावा.

तिसरे आणि सर्वांत मोठे ऋण मुलांचे. पती-पत्नी घटस्फोट घेतात. आईवडील घेऊ शकत नाहीत. जर्मन तत्त्वज्ञ कांट यांनी शिकवले की माणसाला कधीही केवळ साधन म्हणून वापरू नये. पण भांडणात मूल किती सहज साधन होते! “बाबांना विचार, पैसे कधी देणार?” “आईकडे कोण येते ते सांग.” मूल निरोप्या होते, मग हेर होते, शेवटी ओलीस होते. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या आपल्या कुटुंबविषयक पत्रात विभक्त पालकांना कळकळीने विनवले आहे की मुलाला ओलीस धरू नका. शलमोन राजापुढे आलेल्या दोन स्त्रियांची गोष्ट आपण जाणतो. खरी आई ती, जिला आपल्या जिंकण्यापेक्षा मुलाचे जगणे मोठे वाटले. याचा अर्थ असा नव्हे की जिच्याकडे मूल सुरक्षित आहे तिने ते सोडून द्यावे. अर्थ एवढाच की ताब्याचा प्रत्येक निर्णय घेताना “मी जिंकलो का?” असे न विचारता “मूल वाचले का?” असे विचारावे. कायदाही मुलाचे हितच पाहतो. भेटीचा दिवस ठरला असेल, तर तो पाळा. पोटगी थकली म्हणून भेट बंद करू नका, आणि भेट मिळाली नाही म्हणून फी थांबवू नका. मुलाच्या पहिल्या कम्युनियनला दोघांनी यावे, वेगवेगळ्या बाकांवर बसले तरी चालेल. आणि मुलाला स्पष्ट शब्दांत सांगावे, “हे तुझ्यामुळे झालेले नाही.”

चौथे ऋण दयेचे, आणि ते स्वतःपासून सुरू होते. घटस्फोट हे एक प्रकारचे मरण आहे, पण त्याला ना प्रार्थनासभा असते, ना सांत्वनाला येणारे शेजारी. रडू येणे, झोप न लागणे, राग येणे, हे स्वाभाविक आहे. गरज पडली तर डॉक्टरकडे, समुपदेशकाकडे जाण्यात कमीपणा नाही. क्षमेची घाई करू नका. क्षमा म्हणजे पुन्हा मार खायला परत जाणे नव्हे, आणि हक्क सोडणेही नव्हे. समोरच्याचे वाईट व्हावे ही इच्छा हळूहळू देवाच्या हाती सोपवणे म्हणजे क्षमा. तिला वर्षे लागली, तरी देव थांबतो.

काही जणांनी चर्चच्या अॅनलमेंटविषयी विचारले आहे. हा कॅथोलिक घटस्फोट नव्हे. विवाहाच्या वेळीच काही मूलभूत गोष्ट नव्हती, उदाहरणार्थ मोकळी संमती, म्हणून तो विवाह मुळात घडलाच नव्हता, असा तो निर्वाळा असतो. “मग माझी मुले अनौरस ठरतील का?” या भीतीने अनेक माता अर्जच करत नाहीत. भिऊ नका, दोघांपैकी एकाने जरी तो विवाह सद्भावनेने केला असेल, तरी ख्रिस्तसभेचा कायदा अशा मुलांना औरसच मानतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ही प्रक्रिया सोपी केली. पूर्वी दुसऱ्या न्यायासनाचा दुजोरा सक्तीचा होता, तो आता नाही. मात्र सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे की चर्चच्या निर्वाळ्याने दिवाणी विवाह संपत नाही. ज्याला पुन्हा चर्चमध्ये विवाह करायचा आहे, त्याला दोन्ही निर्णय लागतात. एकाच कागदावर दुसरे लग्न करून अडचणीत येऊ नका. आधी येऊन भेटा.

शेवटी आपणा सर्वांविषयी. ‘टाकलेली’ हा शब्द आपल्या बोलण्यातून जावा. कोणाची चूक याचा निकाल चर्चच्या पायरीवर लावू नये. एकट्या आईच्या मुलाला रविवारच्या धर्मशिक्षणाला आपल्या गाडीवरून न्यावे, नाताळला त्या घरी करंज्यांचे ताट घेऊन जावे, एकट्या पडलेल्या पुरुषाला जेवायला बोलवावे. याकोबाच्या विहिरीवर प्रभूला एक स्त्री भेटली. तिचे पाच पती झाले होते, हे त्याला ठाऊक होते, आणि त्याने ते लपवलेही नाही. पण त्याआधी त्याने तिच्याकडे प्यायला पाणी मागितले. तिला काही देण्याजोगे आहे असे त्याने मानले, आणि तीच आपल्या गावाला त्याची सुवार्ता सांगणारी झाली. आपल्या धर्मग्रामातही सत्य सांगितले जावे, पण ते प्रभूने सांगितले तसे.