त्यांच्या नावानं चालताना

बाप गेला की त्याची वारी पोराकडं येते. जमिनीची वाटणी होते, वारीची होत नाही. आषाढीसाठी नर्सी नामदेवहून नामदेव महाराजांची पालखी पंढरपूरकडं निघते, तेव्हा तिच्यासोबतची सगळीच माणसं स्वतःची वारी करत नसतात. कुणी आईची चालवतो, कुणी भावाची. वाटेत एखाद्या गावी पंगत बसते, तीही कुणाच्या तरी नावानं.

गेलेल्या माणसासाठी चालणं साखरा गावाला नवं नाही. ज्या दुखण्यानं तो गेला, त्या दुखण्यासाठी चालणं नवं आहे.

२९ सप्टेंबर हा जागतिक हृदय दिन. शहरांत त्या सुमारास सकाळी माणसं जमतात, चालतात. अमेरिकेतल्या ‘हार्ट वॉक’मध्ये निधी जमवतात आणि हृदयविकारातून वाचलेले लोक लाल टोपी घालून चालतात. ही लाल टोपी मला फार मोलाची वाटते. आपल्याकडं गेलेल्याचा फोटो भिंतीवर लागतो. वाचलेला गप्प राहतो. ज्याच्या हृदयात स्प्रिंग टाकली, त्यानं पारावर बसून सांगायला हवं: किती वाजता दुखलं, कुणाला उठवलं, गाडीत कधी बसलो. त्या हकिगतीनं दुसरा वाचतो.

“चालता-बोलता गेला. कुणाला तसदी दिली नाही.” अशा मरणाला आपण पुण्यवानाचं मरण म्हणतो. मला ते पटत नाही. चालता-बोलता गेलेल्याला पुष्कळदा आधी दुखलेलं असतं. छाती आवळलेली, डावा हात जड, कपाळावर घाम. “पित्त उठलंय, जरा पडतो.” मग ओवा, आल्याचा तुकडा, सोडा. हृदयाची रक्तवाहिनी गुठळीनं बंद पडली की अर्ध्याएक तासात तिच्यावर जगणारा स्नायू मरू लागतो आणि काही तासांत त्यातला बराचसा संपतो. ओवा चघळत काढलेला वेळ तो हाच. ईसीजीची पट्टी दहा मिनिटांत निघते. ती काढायला उठावं की नाही, हे ठरण्यात रात्र जाते.

बाई तर पित्ताचंही नाव घेत नाही. तिला दम लागतो, पाठ नाहीतर जबडा दुखतो, अंग गळून जातं, आणि सगळं कामाच्या दगदगीवर ढकललं जातं. शुगर असलेल्याला कधीकधी कळसुद्धा येत नाही. न दुखणं म्हणजे बरं असणं नव्हे.

“रानात राबणाऱ्याला कसला आलाय अटॅक?” राबण्याचा फायदा आहे, हे खरंच. १९५३ साली जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा जिना चढ-उतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होत होता. पण बिडी-तंबाखू, कधीच न मोजलेलं बीपी आणि बरं वाटलं म्हणून सोडून दिलेली गोळी राबणाऱ्यालाही सोडत नाहीत.

स्मरणार्थ द्यायची आपली रीत मोठी आहे. फाट्यावरच्या सिमेंटच्या बाकड्यावर ‘कै.’पासून सुरू झालेलं नाव असतं. पंगतीच्या ताटाच्या कडेला ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं नाव असतं. घासून घासून ताट पातळ झालं तरी बोटाला लागतं. यातला एखादा खर्च बीपीच्या यंत्राकडं वळला, तर त्यावरही नाव घालता येईल. त्या यंत्राचा पट्टा ज्याच्या ज्याच्या दंडाला बांधला जाईल, तो ते नाव वाचेल. आणि १०८ला फोन लावायला तर पैसाही लागत नाही. घरातल्या शाळकरी पोरालाही तो नंबर पाठ हवा, कारण रात्री घरात जागं कोण असेल, सांगता येत नाही.

साखऱ्यात असं चालायचं ठरलं, तर २९ सप्टेंबरचा हट्ट नको. तेव्हा सोयाबीन काढणीला आलेलं असतं आणि परतीच्या पावसाची धास्ती असते; कुणी येणार नाही. दिवाळी उरकल्यावर, तूर फुलावर असताना, सकाळच्या गारव्यात निघावं. ज्यानं त्यानं आपल्या माणसाचं नाव छातीवर लावावं. चालणं संपेल तिथं बीपी मोजायला टेबल मांडलेलं असावं. आणि रांगेत बायांना आधी घ्यावं. मागं ठेवलं, तर त्या स्वयंपाक राहिलाय म्हणून उठून जातात.