प्रार्थना आणि ध्वनिमुद्रण : पॉल हॉर्नच्या बासरीच्या निमित्ताने

यंत्रात साठवलेला नाद उपासनेचा भाग होऊ शकतो काय, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटला तरी तो मुळात धर्मविचाराचा आहे, कारण त्याचे उत्तर देताना नाद म्हणजे काय, तो कोणाचा असतो आणि तोच नाद पुन्हा ऐकू आला म्हणजे नेमके काय घडते, यांविषयी काही ना काही भूमिका घ्यावीच लागते. वसई तालुक्यातील, आज वसई-विरार महानगरपालिकेच्या हद्दीत असलेल्या उमेळ्यासारख्या गावाच्या परिसरात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. वसई धर्मप्रांतातील धर्मग्रामांत, म्हणजे एकेका चर्चच्या कक्षेतील श्रद्धावंतांच्या समुदायांत, मिस्सा, म्हणजे प्रभुभोजनाच्या स्मरणाचा उपासनाविधी, मराठीतून होते. त्याच पंचक्रोशीत हरिपाठ आणि पारायणेही चालतात. आणि दोन्हीकडच्या घरांत भक्तिगीते भ्रमणध्वनीवर सकाळपासून वाजत असतात. मिस्सा ऐकणे आणि मिस्सेचे ध्वनिमुद्रण ऐकणे यांत फरक आहे हे येथील कोणीही सांगेल. तो फरक कशात आहे हे सांगणे मात्र तितके सोपे नाही.

या फरकाचा विचार करण्यासाठी अमेरिकन बासरीवादक पॉल हॉर्न (१९३०–२०१४) याची ध्वनिमुद्रणे फार उपयोगी पडतात. जॅझच्या इतिहासग्रंथांत त्याच्या वाट्याला सहसा मोजक्याच ओळी येतात, आणि मराठी वाचकाला तर हे नाव जवळपास अपरिचितच आहे. जॅझ म्हणजे एखाद्या धुनेच्या वा स्वरसंगतीच्या ठरलेल्या सांगाड्यावर वादकाने त्या क्षणी सुचेल तसा विस्तार करीत जाण्याची, आफ्रिकन-अमेरिकन समाजात जन्मलेली संगीतपद्धती. तिच्यात धातूची, कळांची पाश्चात्त्य बासरी उशिरा स्थिरावली, कारण कर्णे आणि ढोल यांच्या गर्दीत तिचा मृदू आवाज पोहोचत नसे आणि मायक्रोफोन जवळ आल्यावरच तिला बरोबरीचे स्थान मिळाले. मायक्रोफोनने आणखीही एक गोष्ट केली. सॅक्सोफोन वाजवताना वादक वाद्याचे तोंड ओठांत धरतो. बासरीत तसे नसते. फुंकेचा काही भाग छिद्राच्या कडेवर आपटून स्वर होतो आणि उरलेला तसाच बाहेर सांडतो. हा सांडलेला श्वास समोरच्या श्रोत्याला क्वचितच जाणवतो, ध्वनिमुद्रणात मात्र स्पष्ट उमटतो, आणि म्हणून बासरीचे चांगले ध्वनिमुद्रण हा स्वरांइतकाच एका शरीराचाही दस्तऐवज असतो.

या संदर्भात महत्त्वाच्या असलेल्या हॉर्नच्या ध्वनिमुद्रणांपैकी पहिले १९६५ सालचे आहे. अर्जेंटिनात जन्मलेले संगीतकार लालो शिफ्रिन यांनी मिस्सेच्या लॅटिन संहितेवर, म्हणजे किरिये, ग्लोरिया, क्रेदो, सांक्तुस आणि आग्नुस देई या भागांवर, गायकवृंद आणि जॅझ वादकांसाठी रचना केली आणि तिच्या केंद्रस्थानी हॉर्नला बसवले. (याच शिफ्रिन यांनी पुढच्याच वर्षी ‘मिशन इम्पॉसिबल’ या दूरचित्रवाणी मालिकेची जगप्रसिद्ध धून केली, पवित्र आणि लौकिक यांची सरमिसळ संगीतकारांच्या टेबलावर किती सहज होते याचा हा नमुना.) त्या काळाच्या संदर्भात ही रचना धाडसाची होती. पोप दहावे पायस यांनी १९०३ साली काढलेल्या संगीतविषयक आदेशानुसार चर्चमध्ये पियानोला आणि ढोल, झांजा यांसारख्या गोंगाटी वा उथळ मानलेल्या वाद्यांना मनाई होती; फुंकवाद्ये मोजक्या संख्येने आणि तीही बिशपांच्या संमतीने क्वचित चालत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा जो मूलभूत दस्तऐवज प्रसृत केला, त्यात ऑर्गनचा मान कायम ठेवून, पवित्र कार्याला योग्य ठरतील किंवा ठरवता येतील अशा इतर वाद्यांसाठी दार उघडण्यात आले. ५ मार्च १९६७ च्या सूचनापत्राने त्याला पुन्हा मर्यादा घातली, ती अशी की सर्वसाधारण मतानुसार आणि वापरानुसार जी वाद्ये केवळ लौकिक संगीताचीच ठरतात ती उपासनेतून पूर्णपणे वगळावीत.

या शेवटच्या अटीकडे जितके लक्ष जायला हवे तितके जात नाही. वाद्याची पवित्रता येथे त्याच्या धातूत, आकारात वा स्वरात शोधलेली नाही. ती लोकांच्या वापरात शोधलेली आहे आणि वापर तर बदलत असतो. गोव्याचा अनुभव या संदर्भात बोलका आहे. तेथील धर्मग्रामांच्या शाळांत मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवले जाई ते मुख्यतः चर्चमधील गायन-वादनासाठी. पण त्याच शिदोरीवर गोव्याचे वादक मुंबईला आले, १९३० च्या दशकापासून हॉटेलांतील जॅझ वाद्यवृंदांत आणि पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यमेळांत बसले. फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट या नावाने गाजलेले आंतोनियो शाव्हियेर वाझ, अँथनी गोन्साल्विस ही त्यांतील ठळक नावे. मिस्सेसाठी कमावलेली तालीम तेथे नृत्यगृहापर्यंत गेली. हॉर्नच्या रचनेत नृत्यगृहात वाढलेले संगीत मिस्सेपर्यंत आले. या दोन प्रवासांपैकी पहिला अधिक सहज झाला असेच म्हणावे लागते. हॉर्नच्या १९६५ च्या ध्वनिमुद्रिकेत कौशल्याची कमतरता नाही, पण लिहिलेली संहिता गाणारा वृंद आणि त्या क्षणी सुचेल ते वाजवणारी बासरी हे दोघे बरेचदा शेजारी शेजारी उभे राहतात, एकमेकांत शिरत नाहीत, आणि बासरी आत येण्याची परवानगी मागत असल्यासारखी वाटते.

त्यानंतर हॉर्न भारतात आला. महर्षी महेश योगी यांच्या ध्यानपद्धतीकडे तो वळला होता. १९६७ साली भारतीय वादकांच्या साथीने त्याची दोन ध्वनिमुद्रणे प्रसिद्ध झाली. त्यांत आदर दिसतो, पण पाहुण्याचा संकोचही दिसतो आणि त्यांवर अधिक रेंगाळण्याचे कारण नाही. १९६८ च्या वसंतात आग्र्याच्या ताजमहालाच्या घुमटाखाली त्याने एकट्याने केलेले वादन ही मात्र वेगळी गोष्ट आहे. त्या घुमटात स्वर सुमारे २८ सेकंद रेंगाळतो असे सांगितले जाते. चांगल्या संगीतगृहात हा काळ सुमारे दोन सेकंदांचा असतो. ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, तेव्हा २८ सेकंदांत तो संगमरवरावर आपटत, वळत, क्षीण होत साडेनऊ किलोमीटर हिंडून आलेला असतो. अशा जागी एका वेळी एकच स्वर काढू शकणारी बासरी स्वतःशीच स्वरमेळ करते, कारण आधीचा स्वर विरलेला नसतानाच पुढचा त्यावर येऊन बसतो. याचा दुसरा अर्थ असा की चुकीचा स्वरही २८ सेकंद माफ होत नाही. जॅझ वादकाची द्रुत स्वरावलींची सवय तेथे निरुपयोगी ठरते. हॉर्न एक वाक्य वाजवतो आणि थांबतो, घुमटाकडून ते परत येईपर्यंत पुढचे ठरवत नाही. मध्येच तेथील एका पहारेकऱ्याने दिलेली साद याच ध्वनिमुद्रणात आहे, आणि तिला बासरीइतकाच प्रतिसाद घुमटाने दिलेला आहे. उमेळ्याच्या जवळच असलेल्या वसईच्या किल्ल्यातील पोर्तुगीजकालीन चर्चच्या अवशेषांत, ज्यांतील बहुतेकांची छपरे उरलेली नाहीत, नेमकी उलट स्थिती आहे : भिंती उभ्या आहेत, पण स्वर वर जातो तो परत येत नाही.

या ध्वनिमुद्रिकेतील एका तुकड्याचे नाव ‘आकाश’ असे आहे. ते नाव निवडताना हॉर्नला भारतीय दर्शनांचा कितपत परिचय होता हा मुद्दा बाजूला ठेवला तरी नाव अचूक पडले आहे, कारण न्याय-वैशेषिक दर्शनांत शब्द, म्हणजे कोणताही ध्वनी, हा आकाश या द्रव्याचाच गुण मानलेला आहे. नैयायिकांच्या मते ध्वनी उत्पन्न होतो, आपल्यासारखाच दुसरा ध्वनी उत्पन्न करतो आणि नाश पावतो; पाण्यात लाटेतून लाट निघत काठापर्यंत यावी तसा कानापर्यंत पोहोचतो तो मूळ ध्वनीचा वंशज असतो, मूळ ध्वनी नव्हे. याला वीचीतरंगन्याय म्हणतात. मीमांसकांनी याला हरकत घेतली ती प्रत्यभिज्ञेच्या, म्हणजे ‘हाच तो’ या ओळखीच्या आधारे : ‘ग’ हा वर्ण आज ऐकला काय आणि उद्या ऐकला काय, तोच आहे असे श्रोता ओळखतो, म्हणून वर्ण नित्य असून उच्चार त्याला केवळ प्रकट करतो. ध्वनिमुद्रिका पुन्हा लावणारा श्रोता ‘हाच तो तुकडा’ असे म्हणतो तेव्हा तो नकळत मीमांसकाची भाषा बोलत असतो. नैयायिक त्याला उत्तर देईल की दिव्याची ज्योतही क्षणोक्षणी नवी असून ‘तीच’ म्हणवली जाते. सारखेपणालाच श्रोता एकत्व समजतो आहे.

बासरीच्या बाबतीत मात्र मीमांसेचा आधार फार लवकर सुटतो. तिने नित्यत्व दिले ते वर्णांना, वेदवाक्याच्या रक्षणासाठी. ध्वनी हा तिच्या दृष्टीने वर्ण प्रकट करणारे साधन, आणि बासरीत वर्ण नसतातच. शब्दावाचूनच्या नादाला स्वतःचे मोल देणारा विचार शोधायचा तर महाराष्ट्रातच, देवगिरीला यावे लागते. तेराव्या शतकात यादव राजा सिंघण याच्या दरबारी हिशेबखात्याचे प्रमुख असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला, आणि त्यात नादाचे दोन प्रकार सांगितले : आघाताशिवाय असलेला, योग्यांनी उपासावयाचा अनाहत नाद आणि आघाताने उत्पन्न होणारा आहत नाद. अनाहत नाद मुक्ती देतो, पण त्यात रंजन नाही. आहत नाद लोकांचे रंजन करतो आणि संसारबंधन तोडण्यासही समर्थ होतो. हिशेब ठेवणाऱ्या माणसाने रंजनाची बाजू मोक्षाच्या खात्यात अशी मोकळेपणाने जमा करावी, ही भारतीय संगीतविचारातील मोठीच गोष्ट आहे. ख्रिस्ती परंपरेत संत ऑगस्टिन यांची याच जागी ओढाताण झालेली दिसते. स्तोत्रातील आशयापेक्षा गाण्यानेच मन अधिक हलले तर ते पाप समजावे, असे त्यांनी आपल्या ‘कन्फेशन्स’च्या दहाव्या खंडात लिहून ठेवले आहे, आणि तरीही चर्चमधील गायनाची प्रथा त्यांनी अखेर मान्यच केली.

पण शार्ङ्गदेवासमोर आणि ऑगस्टिनसमोर गाणारा माणूस होता. ध्वनिमुद्रणात तो नसतो, आणि कॅथलिक उपासनाविचाराने नेमके येथेच बोट ठेवले आहे. ३ सप्टेंबर १९५८ रोजी, पोप बारावे पायस यांच्या कारकिर्दीत निघालेल्या सूचनापत्राने ग्रामोफोन, रेडिओ, टेपरेकॉर्डर यांसारख्या आपोआप वाजणाऱ्या यंत्रांना उपासनाविधीत सक्त मनाई केली. या मनाईत यंत्राविषयीचा जुनाट संशय पाहणे हा उथळपणा होईल. मिस्सेत प्रभुभोजनाचे जे स्मरण केले जाते ते घडून गेलेल्या गोष्टीची निव्वळ आठवण नसते, आणि ती गोष्ट नव्याने पुन्हा करणेही नसते. एकदाच घडलेले आत्मार्पण जमलेल्या समुदायासमोर आज उपस्थित होते, अशी ती धारणा आहे. त्यासाठी अर्पण करणारी जिवंत माणसे हवीत. स्वतःचा श्वास देणारा गायक आणि त्या श्वासाची प्रत देणारे यंत्र यांच्यात अर्पणाच्या दृष्टीने म्हणूनच तडजोड होत नाही. हॉर्नची १९६५ ची ध्वनिमुद्रिका मिस्सेची संहिता वाजवून दाखवते. तिने मिस्सा मात्र कधीच होत नाही.

असे असूनही मिस्सेचे स्मरण आणि ध्वनिमुद्रणाचे श्रवण यांत एक साम्य उरतेच. दोन्हींत मूळ कृती एकदाच घडलेली आहे आणि दोन्हींत तिच्याकडे पुन्हा पुन्हा यावे लागते. ताजमहालात हॉर्नने पुढचा स्वर ठरवण्यापूर्वी जी वाट पाहिली ती खरोखरची होती, कारण घुमट काय परत देईल हे त्याला ठाऊक नव्हते. दहाव्यांदा ऐकणाऱ्याला सर्व ठाऊक असते, तरीही त्याला न उतावळे होता तितकाच वेळ थांबावे लागते. वादकाचे काम त्या रात्री संपले. तेव्हापासून अर्पण करण्यासारखे जे काही शिल्लक आहे ते श्रोत्याचे अवधान आहे. वेदान्तात श्रवण ही साधनेची पहिली पायरी मानली आहे, आणि श्रवण म्हणजे कानावर पडणे नव्हे हे प्रत्येक पारायणकर्त्याला माहीत असते. एकच ग्रंथ दरवर्षी वाचला जातो तो त्यात नवे काही छापले गेले असेल म्हणून नव्हे. श्रोत्याच्या स्थितीवरच श्रवणाचे फळ ठरते, असे इस्लामी परंपरेत इमाम गझाली यांनीही मानले होते, आणि एका मुस्लिम समाधीत झालेल्या या वादनाच्या संदर्भात त्यांची आठवण अस्थानी नाही.

येथे एक धोकाही सांगितला पाहिजे. अल्पपरिचित कलावंताची चाहत फार लवकर मालकीच्या अभिमानात बदलते. दुर्मीळ तबकडी जवळ असणे हीच पुण्याई वाटू लागते, आणि पहिल्या आवृत्तीचे आवरण, त्यावरचे क्रमांक, कोणाकडे ती नाही याची यादी, यांतच रस वाढत जातो. प्रसिद्ध वादकाच्या बाबतीत ऐकणाऱ्याचे निम्मे काम कीर्तीने आधीच केलेले असते. अप्रसिद्ध वादकाच्या बाबतीत ते सर्वच स्वतः करावे लागते, म्हणून त्याचे श्रवण अधिक कठीण आणि अधिक निर्मळ होण्याची शक्यता असते, पण संग्राहकाचा अहंकार ती शक्यता नेमकी हिरावून घेतो.

१९५८ च्या त्याच सूचनापत्रात मनाईला एक अपवाद होता : विधीबाहेर, धर्मशिक्षणासाठी किंवा गायनाच्या शिकवणीसाठी, अशी यंत्रे चर्चमध्येही वापरता येत. हॉर्नच्या बासरीची जागा शोधायची तर ती या अपवादातच सापडते. धर्मग्रामाच्या गायकवृंदाची आठवड्यातील तालीम, हार्मोनियमवर बोटे बसवणारी मुले, आणि त्यांना ताजमहालातील ध्वनिमुद्रण ऐकवताना दोन वाक्यांमधल्या विरामाची लांबी मोजायला सांगणारा शिक्षक. मिस्सेतील बहुतेक गायनात चूक स्वरांची नसते, विराम पुरा न होऊ देण्याची असते, आणि ती सुधारण्यासाठी १९६५ च्या ध्वनिमुद्रिकेपेक्षा १९६८ ची अधिक कामाची आहे.