दूषणनाम आणि वादाची मर्यादा

प्रतिपक्षाच्या मताचे खंडन न करता त्याला एखादे दूषणनाम चिकटवून मतदाराचा कौल मिळवणे हा असत्याचाच प्रकार मानावा काय, या प्रश्नाला सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या राजकारणात जुना संदर्भ आहे. तो तपासायला न्यायदर्शनाची परिभाषा उपयोगी पडते. त्यात चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: सत्यनिर्णयासाठी चालतो तो वाद, जिंकण्यासाठी चालतो तो जल्प आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ परपक्ष खोडते ती वितंडा. जल्पात छलाला, म्हणजे वक्त्याच्या शब्दांना त्याला अभिप्रेत नसलेला अर्थ लावण्याला, मुभा असली तरी ती तत्त्वरक्षणापुरती आहे. कोवळ्या अंकुरांभोवती काटेरी फांद्यांचे कुंपण घालावे, तशी.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात कराडच्या यशवंतराव चव्हाणांनी नेहरूंच्या नेतृत्वाला अग्रक्रम दिला आणि १९५६ मध्ये ते द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले, तेव्हा विरोधी प्रचाराने त्यांना ‘सूर्याजी पिसाळ’ ठरवले. १६८९ मध्ये रायगड मोगलांच्या हाती गेला, त्याचा दोष परंपरा वाईच्या देशमुखीसाठी फितूर झालेल्या पिसाळाला देते. साताऱ्याच्या मतदाराला हे नाव समजावून सांगावे लागत नव्हते आणि त्याचे सामर्थ्यही त्यातच होते. भाषिक राज्य पक्षात राहून मिळवावे की पक्षाबाहेर पडून, या प्रश्नाला दोन बाजू होत्या. फितुरीला दुसरी बाजू नसते. ज्याला नैयायिक सामान्यछल म्हणतात, म्हणजे एखाद्या विधानाची व्याप्ती वक्त्याच्या आशयापलीकडे ताणणे, त्याच्याशी या प्रचाराचे जवळचे नाते आहे, कारण येथे मार्गाविषयीचा मतभेद ध्येयाच्या द्रोहापर्यंत ताणला गेला. शंभरावर हुतात्म्यांच्या रक्ताने पेटलेला लोकांचा संताप खरा होता आणि त्याची थोरवी कमी लेखणे अन्यायाचे होईल; पण संताप खरा असल्याने नाव खरे ठरत नाही. १९५७ मध्ये यशवंतराव कराडहून अगदी निसटत्या मतांनी निवडून आले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्याचे पहिले मुख्यमंत्रीही तेच झाले.

१९७८ मध्ये सांगलीच्या वसंतदादा पाटलांच्या संयुक्त सरकारातून बाहेर पडून व ते पाडून शरद पवार मुख्यमंत्री झाले, तेव्हापासून ‘पाठीत खंजीर’ हे शब्द त्यांच्याविरुद्धच्या प्रचारात टिकून आहेत. संयुक्त सरकारातून बाहेर पडणे केव्हा न्याय्य ठरते, हा मूळ प्रश्न मात्र क्वचितच विचारला गेला.

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३(४) नुसार उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याविषयी किंवा वर्तनाविषयी जाणूनबुजून केलेले खोटे वस्तुस्थितिदर्शक कथन हा भ्रष्ट आचार ठरतो. दूषणनाम बहुधा वस्तुस्थिती सांगतच नाही, केवळ निवाडा देते, आणि म्हणून कायद्याच्या कक्षेतून सहज निसटते. ज्या नावामागचा आरोप स्पष्ट मांडलेला आहे व ज्याला उत्तर देता येते, ते कठोर असले तरी क्षम्य आहे; ज्याने उत्तराची वाटच बंद होते, ते सत्याच्या बाजूने वापरले तरी अधर्म्यच आहे. म्हणून असे नाव कानी पडताच ते कोणत्या कृतीवरून दिले, हे मतदाराने वक्त्याला भर सभेत विचारावे.