दोन टेकड्या, दोन चढणारे

मुंबईच्या पूर्व उपनगरांत देवनार म्हणून भाग आहे. त्या बाजूचे कांहीं हौशी लोक उजाडण्यापूर्वींच वाशीची खाडी ओलांडून बेलापूरजवळच्या पारसिकच्या टेकडीवर धावावयास जातात. सन २००४ पासून मुंबईंत ४२ किलोमीटरांची जी मोठी शर्यत होत आली आहे, तिची ही तयारी होय. खुद्द देवनारांतहि एक डोंगर आहे, परंतु तो मनुष्यांनीं टाकलेल्या केराचा. सन १९२७ पासून शहराचा कचरा तेथें पडत गेला व ३०० एकरांहून अधिक जागेवर त्याचे ढीग उभे राहिले. पहांटेस त्यांवरहि माणसें चढत आलीं. पाठीवर पोतें व हातांत लोखंडी आंकडी घेऊन, भंगार वेंचावयास. सन २०१६ च्या जानेवारींत तेथें मोठी आग लागून कित्येक दिवस धूर निघत राहिला, आणि त्यानंतर आंत जाण्यास मज्जाव झाला. पोट मज्जाव मानीत नाहीं, हें वाचकांस सांगावयास नको.

आतां विचार करण्याजोगी गोष्ट ही कीं, पहांट दोघांचीहि तीच, चढहि तसाच, आणि घामहि तसाच. मग एकाच्या श्रमास आपण व्यायाम म्हणतों व दुसऱ्याच्या श्रमास कष्ट म्हणतों, तें कां? यांत आपणां उपदेशकांचाहि संबंध येतो. कष्टानें माणूस बळकट होतो, असें आपण वाड्यावस्त्यांवर किती सहज सांगून जातों!

कोणी म्हणेल, भेद इच्छेचा आहे. धावणारा आपखुषीनें चढतो, वेंचणारा नाइलाजानें. हें उत्तर खरें आहे, पण पुरतें नाहीं. बीड जिल्ह्यांतील आष्टी तालुक्यांत मांडवा नांवाचें गांव आहे. तेथील अविनाश साबळे लहानपणीं घरापासून शाळेपर्यंत सुमारें ६ किलोमीटरांची वाट तुडवीत असे, कारण दुसरें साधन नव्हतें. पुढें तो सैन्यांत गेला आणि सन २०२२ सालीं बर्मिंगहॅम येथें अडथळ्यांच्या ३,००० मीटर शर्यतींत ८ मिनिटें ११.२० सेकंदांत धावून त्यानें रौप्यपदक मिळविलें. शाळेची ती वाट त्यानें हौसेनें निवडली नव्हती, तरी तिचें फळ निघालें. मग गरिबीनेंच त्याला घडविलें असें म्हणावें काय? वर्तमानपत्रें तसें म्हणतात, व ऐकावयास तें गोड लागतें. परंतु अशा वाटा तुडविणारीं मुलें त्या जिल्ह्यांत पुष्कळ होतीं. त्यांतील कितीएक आईबापांच्या मागें ऊंसतोडीच्या फडावर गेलीं, व त्यांचे पाय कोणी मोजले नाहींत.

येथें शरीराची रीत थोडी समजून घेतली पाहिजे. चढावर प्रत्येक पावलास सगळा देह वर उचलावा लागतो, म्हणून पोटऱ्या व मांड्या लवकर थकतात आणि छाती भात्यासारखी चालते. उतरतांना दम कमी लागतो, पण मांडीचे स्नायू ताणले जात असतांनाच भार झेलतात व त्यांत बारीक बारीक इजा होते. दुसऱ्या दिवशीं जिना उतरतांना माणूस कण्हतो तो यामुळें. ही इजा भरून येतांना स्नायू पहिल्यापेक्षां घट्ट होतो. मात्र ती टेकडीवर भरत नाहीं. झोंपेंत भरते, आणि डाळ, दूध, अंडीं असें अन्न पोटांत गेलें तर भरते. यासाठीं जाणते शिक्षक आठवड्यांत एक किंवा दोन वेळांच चढावर धाववितात व दुसऱ्या दिवशीं सावकाश चालूं देतात. जो रोज चढतो व उपाशी निजतो, त्याच्या नडगीचें हाडसुद्धां पुढें चिरतें. साबळ्याला सैन्यांत शिक्षक मिळाला, पोटभर जेवण मिळालें, निजावयास ठराविक वेळ मिळाला. केराच्या ढिगावरून उतरणारीस पोतें तोलून द्यावयाचें असतें, मग चूल पेटवावयाची असते.

कोणी म्हणेल, आमची आजी सत्तराव्या वर्षींहि दोन हंडे घेऊन चढते! चढते खरी. पण जिची कंबर पन्नाशींत बसली, ती पाणवठ्यावर दिसत नाहीं, म्हणून आपण तिला मोजीत नाहीं. शिवाय अशीहि आई असते, जी शाळेंत जाणाऱ्या मुलीचा हंडा आपणच उचलते. तें ओझें हौसेचें नाहीं आणि निव्वळ नाइलाजाचेंहि नाहीं. त्यास कोणता शब्द द्यावा, हें आम्हांस अद्याप उमगलेलें नाहीं. व्यायाम हा शब्द तर लागत नाहींच. पौलानें करिंथकरांस लिहितांना शर्यतींत धावणाऱ्यांचा दृष्टांत दिला आहे खरा. पण ते धावणारे शर्यतीसाठीं जपून राहिलेले होते, पाणी वाहणारे नव्हते. तो दृष्टांत ओझेकऱ्यास जसाच्या तसा ऐकवितांना आमची जीभ हल्लीं अडखळते.

नाशिकच्या डोंगराळ भागांत एका पाड्यावर आम्हीं एकदां हा बोध केलाच होता. डोईवर हंडे घेऊन वर आलेल्या एका बाईस म्हटलें, “बाई, या चढानें तुमचे पाय कसे लोखंडासारखे झाले आहेत!” तिनें हंडे उतरले नाहींत. म्हणाली, “मास्तर, चढाचं काय, चढ सोसतो. घरी गेल्यावर टेकायला मिळत नाही, ते सोसत नाही.” आणि ती पुढें गेली, कारण तिला आणखी दोन खेपा घालावयाच्या होत्या.