दाराजवळची पिशवी

30 सप्टेंबर 1993. गणपती विसर्जन करून किल्लारीकर नुकतेच झोपले होते. पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. आवराआवरीला सवडच नव्हती. पूर बहुधा थोडा वेळ देतो. पण ऑगस्ट 2025 मध्ये मुखेड तालुक्यातल्या हसनाळ, रावणगावात रात्रीतून पाणी घरात शिरलं.

घर सोडावं लागलं, तर निवारा म्हणजे बहुतेकदा झेडपीची शाळा. तिथं सतरंजी मिळेल, खिचडी मिळेल. आजीची बीपीची गोळी मिळेलच असं नाही. म्हणून गोळ्या, चष्मा, आधार कार्ड, रेशनकार्ड, पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला. सोबत बॅटरी, चादर, चार दशम्या. दागिन्यांची आठवण कुणाला करून द्यावी लागत नाही! निघताना जनावरांची दावी सोडा. पिशवी मात्र आजच भरा, दाराजवळ टांगा.