भाषेचे जन्मस्थान

गुरूवाचून भाषा येत नाही, असे आपण समजतो. निकाराग्वा देशातील बहिऱ्या मुलांनी हा समज खोटा ठरविला. १९७७ नंतर मानाग्वा येथील शाळेत ती प्रथमच मोठ्या संख्येने एकत्र आली. शिक्षक त्यांस ओठांवरून स्पॅनिश ओळखावयास शिकवीत. ते फारसे साधले नाही. परंतु खेळताना, शाळेच्या गाडीत, ज्याच्या त्याच्या घरगुती खुणांची देवघेव होऊन एक नवी खूणभाषा जन्मली. मागाहून आलेल्या धाकट्यांनी तिला व्याकरणाची घडण दिली. बुद्धी त्या मुलांपाशी घरीही होतीच. उणीव होती ती सोबत्यांची. म्हणूनच बहिऱ्या मुलास एकटे ठेवणे ही केवळ उपेक्षा नव्हे. तो त्याच्या वाणीचाच अपहार होय, असे आम्हांस वाटते.