कुरणातला दोर

अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातल्या वुडस्टॉक गावात बर्फावर घसरायची हौस असेल, तर आधी टेकडी स्वतःच्या पायांनी चढावी लागे. वर जाईपर्यंत दमछाक आणि खाली यायला जेमतेम मिनिट. गावात उतरलेल्या न्यूयॉर्कच्या काही पाहुण्यांनी एकदा याबद्दल कुरकुर केली. त्यातून १९३४ च्या जानेवारीत क्लिंटन गिल्बर्ट नावाच्या शेतकऱ्याच्या कुरणात फोर्डच्या जुन्या मॉडेल टी मोटारीचं इंजिन येऊन बसलं. त्यावर एक लांबलचक दोर गोल फिरू लागला. ज्याला वर जायचं त्याने तो घट्ट धरायचा, एवढंच. अमेरिकेत हे पहिल्यांदाच होत होतं. आपल्या रहाटगाडग्याचाच हा प्रकार, फक्त गाडग्यांच्या जागी माणसं.

मग ही युक्ती आसपासच्या राज्यांतही पसरली. हिवाळ्यात गुरं गोठ्यात असत आणि कुरण मोकळं पडलेलं. उतार घरचा, इंजिन भंगारातलं, दोर फिरवायला मोटारीच्या चाकांच्या रिंगा खांबांना ठोकल्या की झालं. घरातलाच कुणीतरी इंजिनापाशी उभा राही. दोराला घासून पोरांच्या हातमोज्यांच्या चिंध्या होत. ओल्या बर्फात दोर इतका जड होई, की लहानांना तो उचलतच नसे. मोठ्याच्या मागे उभं राहायचं, हे पोरं आपसूक शिकत. दोर पिळत पिळत वर जाई, म्हणून मफलरचं टोक कोटात खोचायची ताकीद असे. फार सुरक्षित होतं असं मी म्हणणार नाही. पण गल्लीतल्या क्रिकेटसारखं ते आपलं होतं.

अशा टेकड्या बंद कशा पडल्या? एकाच कारणाने नाही. महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग आलं. पुढे रुंद महामार्ग झाले, आणि शहरातली माणसं घराजवळची टेकडी ओलांडून लांबच्या उंच डोंगरांवर जाऊ लागली. १९७८ मध्ये व्हरमाँटच्या सर्वोच्च न्यायालयाने एका जखमी स्कीपटूला मिळालेली पंधरा लाख डॉलरची भरपाई कायम केली. दावा एका मोठ्या ठिकाणावर होता, पण त्यानंतर महागलेला विमा लहानांनाही भरावा लागला. त्यात १९७९-८० चा हिवाळा जवळजवळ कोरडा गेला. त्याच फेब्रुवारीत लेक प्लॅसिडच्या हिवाळी ऑलिंपिकला कृत्रिम बर्फ वापरावा लागला, ऑलिंपिकच्या इतिहासात पहिल्यांदा. बर्फ तयार करणारी ती यंत्रं शेतकऱ्याने कुठून आणायची?

जेरेमी डेव्हिस या हवामानतज्ज्ञाने १९९८ पासून न्यू इंग्लंडमधल्या, म्हणजे व्हरमाँट आणि आसपासच्या राज्यांतल्या, अशा हरवलेल्या ठिकाणांची यादी करायला घेतली. ती सहाशेच्या पुढे गेली आहे. मला या आकड्यापेक्षा एका गोष्टीचं नवल वाटतं. यातल्या कितीतरी जागांचा शेवटचा दिवस कुणालाच सांगता येत नाही. उन्हाळा आला की दोर उतरवून कोठारात ठेवायचा, ही दरवर्षीची रीत. एका वर्षी तो ठेवला, आणि पुढच्या हिवाळ्यात कुणी बाहेर काढला नाही. त्या दिवशी कुणाला कसं कळावं? मग कुरणात झुडपं उगवली, झुडपांची झाडं झाली. आजही एखाद्या रानात गंजलेली रिंग बुंध्यात रुतलेली दिसते.

गिल्बर्टच्या कुरणापाशी रस्त्याकडेला व्हरमाँट राज्याने एक फलक लावला आहे. त्यावर दोर सुरू झाल्याचा महिना आणि साल आहे, गिल्बर्टचं नाव आहे, मोटारीच्या इंजिनाचाही उल्लेख आहे. तो कधी थांबला, हे लिहिलेलं नाही.